उत्तरपत्रिका परत येत नाही

परीक्षांवरून कॉलेजच्या स्टाफरूममध्ये वाद रंगला की तो शेवटी आकड्यांच्या जोडीवर येऊन थांबतो. मुंबई विद्यापीठात २०११-१२ साली श्रेयांक (क्रेडिट) पद्धत आली तेव्हा लेखीला ६० आणि अंतर्गत मूल्यमापनाला ४० गुण होते. पुढे ते ७५-२५ झालं. नवं शैक्षणिक धोरण आलं आणि पुन्हा ६०-४०. दोन क्रेडिटच्या विषयाला ३०-२०. दर बदलाला परिपत्रकं निघाली, गुणपत्रिकेचे रकाने बदलले, सॉफ्टवेअर बदललं, कार्यशाळा झाल्या, कार्यशाळांतली जेवणं झाली. रत्नागिरी असो, कणकवली असो की सावंतवाडी, एक गोष्ट मात्र जागची हलली नाही. विद्यार्थ्याने मान मोडून लिहिलेली उत्तरपत्रिका त्याला परत मिळत नाही.

तिचं पुढे काय झालं ते त्याला एका आकड्यावरून कळतं. ४३. किंवा ६१. कोणत्या प्रश्नात काय चुकलं, कुठला मुद्दा सुटला, कुठे बरोबर वाटेवर असताना अर्ध्यातच थांबलो, यातलं काहीही त्या आकड्यात नसतं. पैसे भरून झेरॉक्स मागवता येते हे खरं. पण ती मागवणारा गुण वाढवून घेण्यासाठी मागवतो, शिकण्यासाठी नव्हे. आणि ती हातात येते तेव्हा त्या विषयाचा तास वेळापत्रकातून गेलेला असतो.

माझ्या मते पदवी पातळीवरच्या मूल्यमापनाचा मूळ दोष इथेच आहे. गुणोत्तर, ग्रेड, सेमिस्टर या सगळ्या नंतरच्या गोष्टी. विद्यार्थ्याला काय येतं हे आपण विद्यापीठाला कळवतो, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला कळवतो, उद्या नोकरी देणाऱ्याला कळवतो. विद्यार्थ्याला आणि त्याच्या शिक्षकाला तेवढं कळवायचं राहून जातं.

आमच्याकडे येणारी मुलं कुठून येतात ते आधी पाहू. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचा मिळून शिक्षण मंडळाचा कोकण विभाग आहे. 'निकालात कोकण अव्वल' हा उन्हाळ्यातला ठरलेला मथळा. २०२४ मध्ये या विभागाचा बारावीचा निकाल ९७.५१ टक्के लागला आणि दहावीचा ९९.०१. याचा आनंद मलाही होतो; मुंबईकर नातेवाइकांना फोन करून सांगावं असं आमच्याकडे फार थोडं घडतं. पण शंभरातले नव्याण्णव जिथे उत्तीर्ण होतात तिथे 'उत्तीर्ण' हा शेरा एफवायच्या शिक्षकाला काहीच सांगत नाही. पावसाळ्यात त्याच्यासमोर साठ मुलं येऊन बसतात. त्यांतल्या कोणाला टक्केवारी काढता येते, कोणाचं इंग्रजी वाक्य कर्त्यापाशीच अडतं, कोण बारावीला विज्ञान घेऊन आता नाइलाजाने कॉमर्सला आला आहे, हे समजायला त्याच्याकडे काही साधन नसतं. पहिली मोठी परीक्षा दिवाळीच्या आगेमागे. तिचा निकाल लागेपर्यंत पुढचं सेमिस्टर निम्मं सरलेलं.

ही व्यवस्था कोणी दुष्टपणाने बनवलेली नाही. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर: शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची विद्यापीठाने. १८६२ साली बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांमध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. जन्म मालवणचा, शाळा रत्नागिरीची. पुढे ते रत्नागिरीच्याच हायस्कुलात मुख्याध्यापक झाले आणि १८९३ मध्ये त्याच विद्यापीठाचे कुलगुरू. मालवणच्या कारकुनाच्या मुलाला आणि मुंबईतल्या शेठच्या मुलाला एकच पेपर मिळावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुढे निनावी उत्तरपत्रिका रूढ झाली तेव्हा तर परीक्षकाला नाव कळेना, गाव कळेना, आडनावावरून जात कळेना. समोर फक्त बैठक क्रमांक आणि उत्तर. आडनावांच्या या प्रदेशात या निनावीपणाने किती जणांना न्याय दिला असेल याची मोजदाद कुणी केलेली नाही. म्हणून बाह्य परीक्षेला सरसकट शिव्या घालणाऱ्यांत मी नाही.

पण तटस्थतेसाठी ठेवलेलं अंतर वाढत वाढत आता शिकवणारा, शिकणारा आणि तपासणारा या तिघांची गाठच पडत नाही. सावंतवाडीच्या मुलाची अंतिम वर्षाची उत्तरपत्रिका कोण तपासतं ते त्याच्या शिक्षकाला माहीत नसतं, आणि तपासणाऱ्याला माहीत नसतं की या वर्गाला शेवटचं प्रकरण शिकवायला माणूसच नव्हता. कॅपमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या तपासणी केंद्रात, बसून गठ्ठे संपवायचे असतात. हेच काम २०१७ मध्ये विद्यापीठाने एकदम संगणकाच्या पडद्यावर नेलं. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, ऑनलाइन तपासायच्या आणि कायद्याने दिलेल्या कमाल ४५ दिवसांत निकाल लावायचा. राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही हुकली, निकाल रखडले, मुलांचे पुढचे प्रवेश लटकले आणि त्या ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. तेव्हा वर्तमानपत्रांचे रकाने भरले ते उशिराबद्दल आणि हरवलेल्या उत्तरपत्रिकांबद्दल. वेळेवर तपासलेल्या उत्तरपत्रिकेतून विद्यार्थ्याला काय मिळालं, हा प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

शिवाय तो आकडा तरी भरवशाचा असतो का? सर फिलिप हार्टोग हे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. भारतीय शिक्षणावरचा १९२९ चा अहवाल त्यांच्याच समितीचा. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी आणि संख्याशास्त्रज्ञ ऱ्होड्स यांनी परीक्षांचीच परीक्षा घेतली. इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका, आधीच्या तपासणीत सगळ्यांना सारखेच मध्यम गुण मिळालेल्या. त्या चौदा परीक्षकांनी तपासल्या. वर्ष-दीड वर्षाने त्याच उत्तरपत्रिका त्याच परीक्षकांसमोर पुन्हा ठेवल्या. २१० निवाड्यांपैकी ९२ बदलले. नापास झालेला पास, पास झालेला नापास, साध्या पासाचा वरच्या श्रेणीत. परीक्षक तोच, कागद तोच. ही गोष्ट १९३५ मध्ये छापून आली. १९४९ मध्ये राधाकृष्णन आयोगाने लिहून ठेवलं की विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची असावी. त्यानंतर आपण ४३ आणि ४५ यांतला फरक अधिक काटेकोरपणे छापायला शिकलो.

मग अंतर्गत गुणांचं काय? शिकवणाऱ्यानेच तपासायचं, तर तिथे तरी कागद परत जायला हवा. ज्यांनी ही योजना आखली त्यांच्या मनात हेच होतं. २०२० च्या धोरणातही एकाच मोठ्या परीक्षेऐवजी सतत आणि सर्वंकष मूल्यमापन करावं असं स्पष्ट म्हटलं आहे. प्रत्यक्षात काय होतं ते कोकणातल्या कुठल्याही कॉलेजच्या शिक्षकाला खाजगीत विचारा. वीसपैकी सतरा-अठरा सगळ्यांना. वर्गात चार दिवस आलेल्याला सोळा. सबमिशन असतं, तारीख असते, फाइल असते, रंगीत मुखपृष्ठ असतं. झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षीच्या प्रोजेक्टची सॉफ्ट कॉपी मिळते. नाव आणि रोल नंबर बदलून द्यायचं काम दुकानदारच करतो, तेही चोख. फाइल जमा झाली की पहिल्या पानावर सही. आतली पानं उघडलेली नसतात हे देणाऱ्यालाही ठाऊक आणि घेणाऱ्यालाही.

शिक्षक आळशी म्हणून असं होतं, हे म्हणणं सोपं आहे आणि बऱ्याच अंशी चुकीचं. इथल्या कॉलेजांना मुलं कमी पडण्याची धास्ती आहे. गावातली पोरं बारावीनंतर मुंबई-पुण्याची वाट धरतात, काही गोव्याला जातात. मागे उरणाऱ्यांवर विभाग चालतो. वर्ग रोडावला तर कार्यभार घटतो, कार्यभार घटला तर पद जातं. अशा वेळी जो शिक्षक वीसपैकी नऊ देईल त्याच्या विषयाला पुढच्या वर्षी कोण येणार? त्यात कित्येक विभाग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या जिवावर उभे आहेत. त्यांना तासाचे पैसे मिळतात, तेही कधी वर्षाखेरीला. साठ निबंध घरी नेऊन प्रत्येकाच्या समासात दोन ओळी लिहिण्याला व्यवस्थेने तास म्हणून मोजलेलंच नाही. जे मोजत नाही ते घडेल, अशी अपेक्षा फक्त परिपत्रकातच करता येते.

याउलट जे मोजलं जातं त्याचा पसारा पाहण्यासारखा आहे. नॅकच्या तयारीत 'आउटकम'ला, म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला काय करता यावं याला, मोठं स्थान आलं. अभियांत्रिकीत हे आधी आलं, २०१४ मध्ये भारत अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला त्याच्या आगेमागे. मग तेच वारं कला-वाणिज्य-विज्ञानात शिरलं. आता प्रत्येक विषयाला चार-पाच कोर्स आउटकम लिहायचे, त्यांत शिकण्याच्या पायऱ्या लावणाऱ्या १९५६ सालच्या ब्लूमच्या वर्गीकरणातली क्रियापदं बसवायची, ते प्रोग्रॅम आउटकमशी जोडणारा तक्ता भरायचा आणि शेवटी एक्सेलमध्ये 'अटेनमेंट', म्हणजे त्यातलं किती साधलं त्याचा आकडा, काढायचं. समजा आकडा आला २.३७. दोन दशांश स्थळांपर्यंत! पण तो निघाला कशातून? त्याच सतरा-अठरा गुणांतून आणि त्याच लेखी परीक्षेतून. किती टक्के मुलांना किती गुण पडले म्हणजे 'पातळी ३' गाठली, ही रेषाही कॉलेजनेच आखलेली. ती थोडी खाली घेतली की अख्ख्या विभागाची विद्वत्ता एका संध्याकाळीत वाढते. मी अशा फायली भरणारे अत्यंत प्रामाणिक लोक पाहिले आहेत. रात्री अकरा वाजता ते तक्ते जुळवत असतात आणि दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी राहिलेली असते.

कल्पना मुळात वाईट नव्हती. या विषयानंतर मुलाला नेमकं काय करता आलं पाहिजे, हे शिक्षकाने आधी ठरवावं. इतकं साधं मागणं होतं ते. ठरवलं, पण ते मुलाला करायला लावून पाहिलं नाही. करायला लावून पाहणं म्हणजे काय, यासाठी एक उदाहरण जरा तपशिलात घेतो, कारण हवेत बोलून हा विषय पुढे जात नाही.

भूगोलाच्या पेपरात उधाणाची आणि भांगाची भरती यावर टीप जवळजवळ ठरलेली. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, सूर्य-चंद्र-पृथ्वीची आकृती, पाच गुण. आमच्या वर्गात मिरकरवाड्याची, हर्णैची, मालवण-दांडीची मुलं असतात. त्यांच्या घरी भरतीचा एक हिशेब पिढ्यान् पिढ्या चालत आलेला असतो: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. टीप पाठ केलेल्या मुलीला हा हिशेब माहीत नसतो. हिशेब माहीत असलेल्या मुलाला तो का जमतो ते सांगता येत नाही. दोघांनाही टिपेत साडेतीन गुण पडतात आणि दोघंही होती तिथेच राहतात.

आता त्याऐवजी असं विचारा. हा हिशेब का चालतो, आणि कुठे चुकतो? तीस तिथींमध्ये चंद्र सूर्याच्या तुलनेत एक पूर्ण फेरा मागे पडतो, म्हणजे २४ तास. एका तिथीला ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. तिथीमागे तीन मिनिटं कमी धरली, तर पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाचा फरक पडायला हवा. मग पिढ्यान् पिढ्या लोकांचं काम कसं भागलं? कारण पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून सुरू होते, चूक साठत जात नाही; आणि होडी लोटायला तेवढी अचूकता पुरते. त्यापुढे बंदरागणिक वेळ मागेपुढे होते. खाडीच्या मुखाशी भरती आधी येते, आत उशिरा: दाभोळला पाणी थांबलं तरी गोवळकोटला ते अजून चढत असतं. छापील भरतीच्या तक्त्यातले आठ दिवस विद्यार्थ्याला द्या, पाऊणपटीचा हिशेब त्याच्या शेजारी मांडायला सांगा आणि फरकाची कारणं विचारा. अर्ध्या तासात शिक्षकाला कळतं की मुलाला कोन समजला आहे की नाही, गुणाकार येतो की नाही, तक्ता वाचता येतो की नाही. टीप पाठ असलेली मुलगी कुठे अडते आणि कोळीवाड्यातला मुलगा कुठे अडतो, ते वेगवेगळं दिसतं. आणि दिसल्याबरोबर, त्याच आठवड्यात, त्याबद्दल काही करता येतं.

या प्रश्नाला मी स्थानिक रंग भरायला भरती आणलेली नाही. किनाऱ्यावरच्या मुलाला किनाऱ्याचंच विचारा, असला आग्रह मला थोडा अपमानास्पद वाटतो. त्यालाही आल्प्स आणि अँडीज कळायला हवेत. मुद्दा एवढाच की ज्याचं उत्तर पडताळून पाहता येतं अशा गोष्टीबद्दल विचारलं की पाठांतर आणि समज वेगळी काढता येतात.

नव्या धोरणाने अशी संधी खरं तर छापील स्वरूपात हातात दिली आहे. फील्ड प्रोजेक्ट आहे, कामाच्या जागी जाऊन शिकायची ओजेटी (ऑन-जॉब ट्रेनिंग) आहे; चार क्रेडिटची ओजेटी म्हणजे १२० तास. वेंगुर्ल्याकडची बीकॉमची मुलगी काजूच्या कारखान्यात १२० तास घालवते. कॉस्ट शीटची गणितं तिने वर्गात सोडवलेली असतात. कारखान्यात चार किलो बीतून साधारण किलोभर गर निघतो. बी ओली निघाली की उतारा घसरतो, फोडताना तुकडा जास्त पडला की अख्ख्या काजूचा भाव मिळत नाही. मालकीणबाईंना हे सगळं तोंडपाठ असतं. त्या मुलीने त्या कारखान्याच्या एका हंगामाचा खर्च मांडून दाखवावा आणि तुकडा पाच टक्क्यांनी वाढला तर नफ्याचं काय होईल ते सांगावं, यापेक्षा चांगली परीक्षा मला सुचत नाही. सध्या तिच्याकडून काय मागितलं जातं? हजेरीचा तक्ता, सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र, 'वर्तणूक समाधानकारक', आणि ॲप्रन घालून काढलेला जिओटॅगवाला फोटो. १२० तासांत ती काय शिकली, असा प्रश्न विचारणारी एकही जागा त्या फायलीत नाही.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या मुलांना शेवटच्या वर्षी गावात राहून काम करावं लागतं. 'रावे' म्हणतात त्याला. तिथेही वर्तमानपत्रात 'कृषिदूतांनी दाखवले प्रात्यक्षिक' अशा बातम्यांची कात्रणं फायलीत लागतात. हा रोग सगळीकडचा. पण निदान शेतकरी समोर उभा असतो. कलम बांधलेलं जगलं की मेलं, हे पाहायला तो परीक्षकाची वाट बघत नाही.

उत्तरपत्रिका परत देण्याकडे पुन्हा येतो. नुसती परत देऊन भागणार नाही, हेही मान्य केलं पाहिजे. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमध्ये केलेला प्रयोग शिक्षणशास्त्रात सुपरिचित आहे. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरे मिळालेल्यांत. गुण आणि शेरे दोन्ही मिळालेली मुलं फक्त गुण मिळालेल्यांसारखीच राहिली; आकडा दिसला की मजकूर वाचावासा वाटत नाही. ती शाळकरी मुलं होती, कॉलेजची नव्हेत, हे ध्यानात ठेवूनही आपल्या वर्गात हे खरं ठरेल असं वाटतं. पेपर हातात पडला की विद्यार्थी आधी शेजाऱ्याचे गुण बघतो. म्हणून पहिल्या चाचणीचा कागद आकड्याशिवाय परत द्यावा, आकडा आठवड्याने लावावा. विचित्र वाटेल, पण याला पैसा लागत नाही.

आणि चाचणीची इतकी धास्ती घ्यायचंही कारण नाही. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी दाखवलं की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा एकदा वाचून मग आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं. पाच मिनिटांनी विचारलं तर मात्र वाचणारे पुढे असतात. परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड वाचून सकाळी लिहिणाऱ्याचा अनुभवही तोच, आणि दिवाळीनंतर डोकं रिकामं होण्याचं कारणही बहुधा तेच. चाचणी ही शिकण्याचीच पद्धत आहे. आपण तिला फक्त मोजमापाचं काम दिलं.

तोंडी परीक्षेला आमच्याकडे वाईट नाव आहे, आणि ते तिने कमावलेलं आहे. प्रॅक्टिकलच्या व्हायवाला बाहेरून आलेले सर, त्यांच्यासाठी सुरमईचं जेवण, आणि 'आमची मुलं सांभाळून घ्या' हे प्राचार्यांचं वाक्य. हे सगळ्यांना माहीत आहे. ओळखीच्या गावात तोंडी परीक्षा म्हणजे वशिल्याला मोकळं रान, ही शंका रास्त आहे. भांडारकरांच्या काळापासून जी निनावी तटस्थता मिळवली ती घालवून बसायची का? नाही. अंतिम वर्षाची बाह्य लेखी परीक्षा राहू द्यावी, निनावीच राहू द्यावी. अंतर्गत गुणांसाठी मात्र शिक्षकाने विद्यार्थ्याशी त्याच्याच कामावर पाच-सात मिनिटं बोलावं, शेजारी त्याच कॉलेजातला दुसऱ्या विभागाचा शिक्षक असावा, आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित व्हावा. शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजने त्यांतली कुठलीही दहा संभाषणं आणि दहा उत्तरपत्रिका काढून बघाव्यात. कुडाळने सावंतवाडीची, खेडने चिपळूणची. सगळं तपासू नये, नमुना तपासावा. आज जे होतं ते उलट आहे: सगळ्याची फाइल, आणि कशाचीच तपासणी नाही.

भाषेचं कोडंही इथेच थोडंफार सुटतं. विज्ञान शाखेचा पेपर इंग्रजीत लिहावा लागतो. मराठी शाळेतून आलेल्या मुलाचं उत्तर अडलं ते रसायनशास्त्रात की इंग्रजी वाक्यात, हे कागदावरून समजत नाही. परीक्षक दोन्हींचे गुण एकत्रच कापतो. समोर बसवून मराठीत, हवं तर मालवणीत विचारलं की तीन मिनिटांत कळतं. इंग्रजी शिकवायची गरज असेल तर ती शिकवावी, वेगळी मोजावी. तिच्या आडोशाला रसायन नापास करू नये. आणि याचा उलट प्रकारही आहेच: गुळगुळीत इंग्रजीच्या आड काहीच नसलेलं उत्तर.

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि ही गुळगुळीत उत्तरं घाऊक भावात मिळू लागली. आता स्टाफरूममध्ये वाद आहे तो एआयने लिहिलेला प्रोजेक्ट ओळखायचा कसा याचा. ओळखणारी सॉफ्टवेअर बिनचूक नाहीत; चुकून एखाद्या प्रामाणिक मुलीवर ठपका आला तर काय, हा प्रश्न निराळाच. मला त्यातली खळबळ थोडी लटकी वाटते. झेरॉक्सच्या दुकानातला प्रोजेक्ट आपण वर्षानुवर्षं स्वीकारत होतो तेव्हा कुणाची झोप उडाली नव्हती. यंत्राने इतकंच केलं की जी फाइल कुणी वाचत नव्हतं ती आता कुणी लिहीतही नाही. ज्याच्याशी त्याच्या प्रोजेक्टवर सात मिनिटं बोलायचं आहे त्याने तो कशाच्या मदतीने लिहिला, याची फार चिंता करावी लागत नाही. बोलताना कळतंच.

साठ मुलं, प्रत्येकी सात मिनिटं: सात तास. एका सेमिस्टरमध्ये एका विषयासाठी एक दिवस. शंभर-सव्वाशेच्या कॉमर्सच्या वर्गाला दोन दिवस, आणि तिथे अडचण खरी आहे हे मी नाकारत नाही. तिथे निम्म्यांची पहिल्या सेमिस्टरला आणि निम्म्यांची दुसऱ्याला, असं काही करावं लागेल. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला हे तास आणि तपासणीचे तास मानधनात धरून मिळाले पाहिजेत, नाहीतर यातलं काहीही करायला मी त्यांना सांगणार नाही. तो निर्णय मात्र शासनाचा आहे, आणि त्याला वेळ लागेल.

बाकीच्याला परवानगी लागत नाही. तीस-वीसमधले वीस गुण आजही कॉलेजच्याच हातात आहेत. कोकणात पहिल्या सेमिस्टरचे दोन तुकडे पडतात, गणपतीआधीचा आणि गणपतीनंतरचा. सध्या चाचणी होते ती सुटीनंतर, घाईघाईत, गुण अपलोड करायच्या मुदतीच्या तोंडावर. ती सुटीच्या आधीच्या आठवड्यात घ्यावी, दोन प्रश्नांची, एका तासाची. शिक्षकाने सुटीत पेपर तपासावेत, समासात लिहावं, आकडा स्वतःच्या वहीत ठेवावा. गौरी-गणपती करून, मुंबईकरांना गाडीत बसवून मुलं परत वर्गात आली की पहिल्या तासाला कागद त्यांच्या हातात द्यावेत आणि तो तास त्यावरच घालवावा. लेखी परीक्षेला तेव्हा अजून महिनाभर तरी शिल्लक असतो.